नदीची मतं वेगळी मोजा

निकालाच्या दिवशी टीव्हीच्या पडद्यावर सगळ्यांत खाली ‘इतर’ नावाचा एक रकाना असतो. मोठ्या पक्षांची नावं, रंग, आघाडी-पिछाडी सांगून झाली की उरलेली मतं त्यात टाकतात. गेली कित्येक वर्षं माझं मत त्या रकान्यात जातं. नदी, जंगल, जमिनीखालचं पाणी यांच्यासाठी जो कोणी उभा राहील त्याला मत द्यायचं, तसा कोणी नसेल तर ‘नोटा’ दाबायचं, हे मी ठरवून करतो आणि लपवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो तोवर कोणाची बाजू उघड घेता येत नव्हती. आता निवृत्त आहे, म्हणून लिहितो.

आमच्यासारखी माणसं निकाल कसा बघतात हे मोठ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना कळायचं नाही. आमच्याकडे गुलाल आणून ठेवलेला नसतो. अनामत वाचते का, मागच्या वेळेपेक्षा टक्का वर सरकला का, कुठल्या गावानं मत दिलं, यावर आमचा जीव टांगलेला असतो. बहुतेक वेळा दुपारपर्यंत सगळं आटोपतं. पण एखादी रात्र अशी येते की इतक्या वर्षांच्या वाट बघण्याचं चीज होतं. माझी ती रात्र ४ जुलै २०२४ ची. निवडणूक मात्र आपली नव्हती.

माझी धाकटी मुलगी इंग्लंडात लेमस्टर नावाच्या लहान गावात नर्सची नोकरी करते. पासपोर्ट भारतीयच आहे. पण भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथं रीतसर राहणाऱ्या आपल्या नागरिकाला तिथल्या पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता येतं. तिचा मतदारसंघ नॉर्थ हेरेफर्डशर. तिथं रात्री दहाला मतदान संपतं आणि त्याच क्षणी एक्झिट पोल जाहीर होतो. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे अडीच वाजलेले असतात. मी गिरणेकाठच्या आमच्या घरात जागा, ती तिकडे ड्युटीवरून येऊन जागी, मध्ये फोन. पोलमध्ये ग्रीन पार्टीला दोन जागा दाखवल्या. “आप्पा, दोनच म्हणताहेत. आपली त्यात नसेल,” ती म्हणाली. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही. इकडे उजाडलं, दूधवाला येऊन गेला, आणि दिवस वर येईपर्यंत एकामागून एक करत चार जागा झाल्या. ब्रायटन पॅव्हिलियन, ब्रिस्टल सेंट्रल, वेव्हनी व्हॅली आणि नॉर्थ हेरेफर्डशर. मुलीच्या मतदारसंघात ग्रीन पार्टीच्या एली चाउन्स यांना २१,७३६ मतं. २००१ पासून निवडून येणारे हुजूर पक्षाचे खासदार ५,८९४ मतांनी मागे. माझी मुलगी फोनवर रडत होती आणि इकडे तिची आई विचारत होती, काय झालं, कोण गेलं.

हा मतदारसंघ शहरी, शिकलेल्या, सायकलवर फिरणाऱ्या लोकांचा नाही. शेतकऱ्यांचा आहे, जुन्या वळणाचा आहे, पिढ्यानपिढ्या हुजूर पक्षाला मत देणारा आहे. तिथं हे झालं कसं? नदीमुळे झालं. लेमस्टरवरून लग नावाची नदी जाते आणि पुढे वाय नदीला मिळते. वायच्या खोऱ्यात दोन कोटींहून जास्त कोंबड्या पाळल्या जातात. त्यांचं खत शेतांवर पडतं, पावसानं त्यातला फॉस्फेट नदीत उतरतो, उन्हाळ्यात पाणी शेवाळानं हिरवं होतं आणि तळाची वनस्पती मरते. २०२३ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारी निसर्गसंस्थेनंच वाय नदीची प्रकृती ढासळत असल्याचा शेरा मारला. त्याआधी, २०१९ पासून, लगच्या खोऱ्यात नवीन घरांच्या परवानग्या अडकल्या होत्या, कारण आणखी सांडपाणी नदीला सोसणारं नव्हतं. म्हणजे नदी आजारी पडली आणि तरुण जोडप्याचं घर अडलं. तेव्हा गावातल्या दुकानात, चर्चमध्ये, बाजारात नदीचा विषय निघायला लागला.

आणि एली चाउन्स काही निवडणुकीपुरत्या आलेल्या नव्हत्या. २०१७ मध्ये त्या तिथल्या कौन्सिलवर निवडून आल्या, म्हणजे आपल्या हिशेबानं जिल्हा परिषदेच्या एका गटातून. २०१९ च्या पार्लमेंटच्या निवडणुकीत त्याच मतदारसंघात त्यांना दहा टक्केही मतं नव्हती. त्या खचल्या नाहीत, दुसरीकडे गेल्या नाहीत, पुन्हा दारोदार फिरल्या.

मला ब्रिटनचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं ते एका कारणानं. तिथली निवडणूक आपल्यासारखीच आहे. एका मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो विजयी, बाकीच्यांची मतं हवेत. जर्मनीचं तसं नाही. तिथं देशभर पाच टक्के मतं मिळाली की पार्लमेंटमध्ये वाटा मिळतो. म्हणून तिथला हरित पक्ष १९८३ मध्ये ५.६ टक्क्यांवर २७ जागा घेऊन आत गेला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ११.६ टक्क्यांवर घसरूनही त्याचे ८५ खासदार आहेत. आपल्याकडे कोणी पाच टक्के मतं आणली तर त्याची अनामत जप्त होते. त्यामुळे जर्मनीकडे बघून उसासे टाकण्यात अर्थ नाही. शिकायचं ते हेरेफर्डशरकडून.

आपल्याकडे प्रयत्न झाला नाही असं नाही. १६ मे २०१४ चा दिवस मला स्पष्ट आठवतो. मेधा पाटकर आम आदमी पक्षाकडून ईशान्य मुंबईतून उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या खांडवा मतदारसंघात, ज्यात बऱ्हाणपूर येतं आणि जो रावेरच्या शिवेला शीव लावून आहे, तिथं नर्मदा बचाव आंदोलनाचे आलोक अग्रवाल होते. तिकडे कन्याकुमारीत कुडनकुलम अणुप्रकल्पाविरुद्ध लढलेले उदयकुमार होते. सकाळी आठला टपाली मतं सुरू झाली तेव्हा मी धुळ्यात बहिणीकडे होतो. बाहेर अंगाची लाही होत होती, रस्ता सामसूम. टीव्हीवर दिवसभर एकच बातमी होती आणि त्या बातमीत ही माणसं कुठंच नव्हती. भाच्यानं मोबाईलवर निवडणूक आयोगाचं पान उघडून दिलं, त्यावर फेरीमागून फेरी बघत बसलो. शेवटी मेधाताईंना ७६,४५१ मतं. विजयी उमेदवाराला सव्वापाच लाख. वैध मतांचा एक षष्ठांश मिळाला नाही की अनामत जाते, तिघांचीही गेली.

बहीण म्हणाली, “इतकी मोठी बाई, आणि लोकांना कळू नये?” मला तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. लोकांना कळत होतं. पण नर्मदेची मतं ईशान्य मुंबईत कशी निघणार? मेधाताईंचं तिथल्या झोपडपट्ट्यांमधलं, घरांच्या हक्काचं काम जुनं आणि खरं आहे, मानखुर्द-गोवंडीत त्यांना ओळखणारी घरं आहेत, आणि ७६ हजार मतं ही काही थोडी नव्हेत. तरीही ज्या नदीसाठी त्यांचं नाव देशाला माहीत झालं ती नदी त्या मतदारसंघातून वाहत नव्हती.

नर्मदा जिथून वाहते तिथं मी शिकवलं आहे. नव्वदच्या दशकात अक्राणी तालुक्यात, धडगावच्या पलीकडे. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला. त्यामुळे धडगावची बदली म्हणजे धुळे जिल्ह्याच्याच टोकाची बदली, आणि ती ऐकून नव्या शिक्षकांच्या घरी काळजी पसरायची. सरदार सरोवरात महाराष्ट्राची तेहतीस गावं येतात, सगळी अक्राणी आणि अक्कलकुव्याची. १९९३ च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. आमच्या हजेरीपटावरची नावं हळूहळू कमी व्हायला लागली. काही घरं तळोद्याकडे, सोमावल-रोझव्याच्या वसाहतींत गेली, काहींनी लाकूडफाटा उचलून डोंगरावर वर घर मांडलं. मोर्चाला ही माणसं हजारोंनी चालत जात. मतदानाला मात्र त्यातली बहुतेक ओळखीच्या पुढाऱ्याचं चिन्ह बघत. माणिकराव गावित नंदुरबार मतदारसंघातून नऊ वेळा लोकसभेवर गेले. यात लोकांचं काही चुकलं असं मला कधी वाटलं नाही. रेशनकार्ड, जातीचा दाखला, रस्ता, आश्रमशाळेत पोराचा प्रवेश, ही कामं ज्याच्याकडे होतात त्याला मत जातं. आंदोलन तेव्हा निवडणुकीपासून लांब राहिलं होतं. नदीच्या बाजूचं चिन्हच समोर नसेल तर शिक्का कुठं मारायचा?

त्याच काळात मला मतमोजणीची ड्युटीही लागायची. मतपत्रिकांचे दिवस होते, मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालायची. पेट्या उघडायच्या, निरनिराळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळायच्या, म्हणजे कोणत्या गावानं कोणाला दिलं ते कळू नये, मग घड्या उलगडून उमेदवाराप्रमाणे खणात टाकायच्या आणि पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून रबर लावायचं. जाळीपलीकडे उमेदवारांची माणसं कागद-पेन घेऊन उभी असत आणि गठ्ठ्यांवर नजर ठेवत. काही खणांत गठ्ठाच होत नसे. त्या सुट्या पत्रिका मी हातावर मोजायचो. ज्याच्या खणात सतरा-अठरा मतं, त्याचा माणूस जाळीपाशी नसायचा. पण नियम त्यालाही तोच होता, तितक्याच काळजीनं मोजायची, तितक्याच नीट लिहायची. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की आहे. मोजलेलं मत, ते कितीही कमी असो, कागदावर कायमचं राहतं. मोर्च्यातली गर्दी दुसऱ्या दिवशी पांगते आणि तिचा आकडा प्रत्येक जण आपल्या सोयीनं सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. खान्देशात नदी-जंगल-पाण्याच्या बाजूची मतं वेगळी पडली पाहिजेत आणि वेगळी मोजली गेली पाहिजेत. त्यासाठी स्वतःच्या चिन्हावर, स्वतःच्या पॅनेलवर उमेदवार उभे केले पाहिजेत, हरणार हे माहीत असतानाही. सगळ्या पक्षांना निवेदनं देऊन आणि जाहीरनाम्यात एक ओळ घालून घेऊन आता भागणार नाही. निवेदनं मी स्वतः पुष्कळ लिहिली आहेत, पोचपावत्यांची फाईल घरात आहे.

हे वेड्यासारखं वाटत असेल तर २०२४ च्या लोकसभेचा धुळ्याचा निकाल आठवा. ४ जूनला सगळा जिल्हा श्वास रोखून बसला होता. भाजपचे सुभाष भामरे पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते; मालेगाव मध्यची मतं मोजून झाली आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. दोन मोठ्या पक्षांनी जिवाचं रान केलं आणि फरक पडला चार हजारांहून कमी. या मतदारसंघात पांझरा आहे, मोसम आहे, गिरणा आहे. पांझरेच्या काठावर पाण्याच्या नावानं पाच हजार मतं एकगठ्ठा आहेत असं एकदा कागदावर दिसलं असतं, तर दोन्ही उमेदवार प्रचाराच्या पहिल्या आठवड्यात त्या गावांच्या पारावर येऊन बसले असते. जिंकण्याची गोष्ट दूरच राहू द्या.

आणि ही मतं आता दिसू शकतात. पूर्वी पत्रिका मिसळल्यामुळे गावाचा कौल झाकला जायचा. आता फॉर्म २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे उमेदवाराप्रमाणे छापलेले असतात, नोटासह, आणि कोणालाही ते मिळतात. निकालाच्या रात्री चॅनेलवरची चर्चा ऐकण्यापेक्षा मी पुढचे काही आठवडे या कागदाची वाट बघतो. नदीकाठची केंद्रं पेन्सिलनं खुणावतो. केळीचा पट्टा वेगळा, कोरडवाहू गावं वेगळी. अपक्षांना, लहान पक्षांना, नोटाला कुठं नेहमीपेक्षा जास्त मतं पडली ते बघतो आणि त्या गावात ओळखीचं कोण आहे ते आठवतो. पक्ष बांधायचा तर तो या कागदावरून बांधता येईल असं मला मनापासून वाटतं.

जगातला पहिला हरित पक्षही असाच एका पाण्यावरून उभा राहिला. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर पेडर नावाचं सरोवर होतं, वीजप्रकल्पाच्या धरणात ते बुडणार होतं. दोन्ही मोठे पक्ष धरणाच्या बाजूचे. तेव्हा १९७२ च्या मार्चमध्ये तिथल्या लोकांनी युनायटेड टास्मानिया ग्रुप काढला आणि पुढच्याच महिन्यात निवडणूक लढवली. एकही जागा आली नाही. सरोवरही बुडालं. पण त्या मूठभर मतांतून निघालेली माणसं पुढे दहा वर्षांनी फ्रँकलिन नदीवरचं धरण थांबवायला उभी होती, आणि ते थांबलं. धडगावच्या आमच्या मुलांच्या बापांना हे कोणी सांगितलं नव्हतं. मलाही फार उशिरा वाचायला मिळालं.

आपल्याला तर हे परदेशातून आणायचीही गरज नाही. पाण्याचं राजकारण सगळ्यांनी मिळून कसं करायचं ते खान्देशानं शेकडो वर्षं करून दाखवलं आहे. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून तग धरून आहे. नदीवर एकाखाली एक बंधारे, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात गहू-हरभरा, कुठला फड मोकळा ठेवायचा, हे बागायतदार बसून ठरवायचे. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची, त्यामुळे पाणी कमी पडलं की झळ सगळ्यांना सारखी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि त्यांचं वेतन धान्यात. पाटकऱ्यानं दिल्याशिवाय मालकानं स्वतःच्या शेतात पाणी घ्यायचं नाही, मग तो गावचा पाटील का असेना. विश्वेश्वरय्यांनी १८८४ मध्ये नोकरीची सुरुवात केली ती धुळ्यात, पांझरेच्या एका फाट्यावर नळाचा सायफन बांधून. इंजिनिअर मोठा माणूस होता, पण त्याच्या आधी कितीतरी पिढ्या या नदीचं पाणी गावकरी वाटून घेत होते.

पुढे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याच्याकडे पैसा त्याचं बोअर खोल. फडाच्या बैठका बंद पडल्या. रावेर-यावलकडे जाऊन बघा, जगाला केळी पुरवणारा पट्टा, आणि पाण्याची पातळी दर वर्षी खाली. ठिबक आली, टिश्यू कल्चरची रोपं आली, पण एका शिवारात मिळून किती पाणी उपसायचं हे बसून ठरवणारं कोणी नाही. पाण्याची वाटणी हा राजकारणाचा सगळ्यांत मूळचा विषय. तो आमच्या राजकारणातून निघून गेला आणि उरला टँकर.

लोक मला बारीपाड्याचं उदाहरण देतात. साक्री तालुक्यातलं ते आदिवासी गाव, चैत्राम पवारांनी गावाला बरोबर घेऊन उजाड डोंगरावर जंगल परत आणलं, आज तिथला वनभाज्यांचा उत्सव बघायला लांबून माणसं येतात, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. “त्यांनी कुठं पक्ष काढला? गुरुजी, काम करा, राजकारण कशाला?” माझा बारीपाड्याबद्दलचा आदर कोणापेक्षा कमी नाही. पण जंगल गावाच्या शिवेत असतं, गावानं कुऱ्हाडबंदी केली की वाचतं. नदी तशी वाचत नाही. गिरणा कळवणच्या डोंगरातून निघते, मालेगाव, चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल, धरणगाव, जळगाव करत तापीला मिळते. आमच्या गावानं वाळू उचलणं बंद केलं तर खालचं गाव उचलतं. तिथं तालुक्याची सत्ता लागते, जिल्ह्याची लागते. सत्ता नको म्हणणाऱ्यानं नदी वाचवायची भाषा करू नये, असं मी आता स्पष्ट बोलतो.

युरोपातल्या हरित पक्षाची नक्कलही इथं चालणार नाही. तिकडे सौर आणि पवन ऊर्जा म्हटलं की हरित पक्षाचा माणूस टाळी वाजवतो. इथं ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, साक्रीत सौर पॅनेलं आहेत, भुसावळला दीपनगरच्या वीजकेंद्राची राख आहे, आणि शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटीलही आहेत. वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी त्यांनी २२ जानेवारी २०१८ ला मंत्रालयात विष घेतलं, २८ तारखेला ते गेले. वीज कशापासून होते याइतकंच जमीन कोणाची आणि कोणत्या भावानं गेली, हे आमच्याकडच्या हरित पक्षाला विचारावं लागेल.

म्हणून सुरुवात ग्रामपंचायतीपासून. महाराष्ट्रात ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेलं होतात. भावकीचं पॅनेल होतं, तर नदीचं का होऊ नये? एका वॉर्डात काहीशे मतदार, निकाल वीस-पंचवीस मतांनी इकडचा तिकडे होतो. गिरणेवरच्या बांभोरीच्या पुलावरून जाताना खाली बघा म्हणजे मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या लहानपणी जिथं गुडघाभर वाळूत पाय रुतायचे तिथं आता खड्डे आणि उघडी चिकणमाती. धरणातून पिण्यासाठी आवर्तन सुटतं, पाणी येतं आणि जातं, थांबत नाही, कारण मुरवून धरणारी वाळूच नाही. काठच्या विहिरींना उन्हाळ्यात जो पाझर असायचा तो आटला. आमच्याकडचे एक म्हातारे बाबा प्रत्येक उमेदवाराला एकच विचारतात, “वाळू गयी, मंग पानी कथाईन यी?” गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांची भाषणं ऐकत आमची दाढी पिकली. बंधारा होईल तेव्हा होईल; त्याच्या पोटात धरायला वाळू शिल्लक हवी.

गेल्या महिन्यात मारुतीच्या पारावर आम्ही बसलो होतो. पॅनेलचं पत्रक लिहायचं होतं. रात्रीचे ट्रॅक्टर बंद, पिण्याच्या विहिरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला वाळूला हात लावायचा नाही, बोअरची नोंद ग्रामसभेत वाचायची, घरकुलाची वाळू कुठून उचलायची ती जागा ग्रामसभेनं ठरवायची. तिथवर कोणाची हरकत नव्हती. मग उमेदवारीचा विषय निघाला आणि भाजीपाला लावणाऱ्या एका ताईंचं नाव सुचलं. बचत गटात त्यांचा शब्द चालतो, आणि बाया मत देतील. ताई तयार आहेत, पण त्यांच्या दिराचाच वाळूचा ट्रॅक्टर आहे, त्याचा हप्ता चालू आहे, आणि त्यावर गावातली चार पोरं रोजानं जातात. त्या सरळ म्हणाल्या, “गुरुजी, मी उभी राहीन. ट्रॅक्टर बंद झाल्यावर ती पोरं काय करतील, ते पत्रकात आधी लिहा. नाहीतर माझ्या घरातलं मतसुद्धा मला पडायचं नाही.”

पार सोडून कोणी उठलं नाही. बंधाऱ्याचा गाळ शेतात टाकायचं काम त्या ट्रॅक्टरांना देता येईल का, रोजगार हमीतून किती दिवस भरतील, हप्ता थकला तर बँकेकडे कोण जाईल, असं एकेक निघालं. तेवढं कलम अजून लिहायचं राहिलं आहे. रविवारी पुन्हा बैठक आहे, आणि या वेळी दिरालाही बोलावलं आहे.